फुटबॉलवेड्याची खर्चाची वही

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. मी व्यापारी नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब लिहिण्याची नोकरी करतो. तरीही गेल्या पाडव्याला, २ नोव्हेंबर २०२४ रोजी, मी मेनरोडवरून लाल कापडी बांधणीची एक वही आणली, पहिल्या पानावर ‘श्री’ काढला आणि त्याखाली लिहिले : फुटबॉल खाते.

निमित्त घरातलेच होते. फराळाच्या सामानाचा हिशेब करता करता पत्नीने विचारले, “तुमच्या त्या फुटबॉलला महिन्याला जातात तरी किती?” मी पटकन म्हणालो, “काहीच नाही. घरीच तर बघतो.” उत्तर देताना मला ते खरेच वाटत होते. नाटकाला तिकीट असते, प्रवासाला भाडे असते, दारूला बाटली असते. ज्या छंदाला तिकीटच नाही त्याचा खर्च कसला? पण हिशेबनीसाला ‘काहीच नाही’ हा आकडा चालत नाही. म्हणून वही घातली.

नियम एकच ठेवला. एखादा खर्च झाला की स्वतःला विचारायचे : फुटबॉल नसता तर हा झाला असता का? नसता, तर नोंद. रकाने तीन : रुपये किती, वेळ किती आणि पैसा गेला कुठे. तिसरा रकाना मी सहज आखला होता. शेवटी तोच सर्वांत बोलका ठरला.

दहा महिन्यांचा गोषवारा

दिवाळी अंकाची छपाई दिवाळीची वाट पाहत नाही, म्हणून ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंतचे दहा महिने घेतले आहेत. खाते असे :

सामने दाखवणाऱ्या ॲपची वर्गणी : २,९०० रुपये
दोन जर्सी : ४,३५०
टर्फचा माझा वाटा, ३१ रविवार : ३,७२०
टर्फनंतरची मिसळ, चहा आणि घरी नेलेली पार्सले : ८,०६०
टर्फवरचे बूट : १,९००
सामन्याच्या रात्रीचे खाणे : ३,४००
मुंबईचा एक सामना, दोघांचा प्रवास, मुक्काम, तिकिटे : ६,७००
मुलीचे उन्हाळी फुटबॉल शिबिर : २,५००
चहा, मैदानावर : १०

एकूण ३३,५४० रुपये. महिन्याला सरासरी ३,३५४.

हा आकडा मोठा की लहान, हे ठरवायला मापदंड हवा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशातल्या शहरी भागात एका माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता. त्यात खाणे, भाडे, औषध, शाळा, प्रवास सगळे आले. म्हणजे एका सरासरी शहरी भारतीयाला महिनाभर जगायला जेवढे लागते, त्याच्या जवळजवळ निम्मे माझा ‘काहीच नाही’ खर्चाचा छंद खात होता.

आणि ‘खात होता’ हे शब्दशः. त्याच सर्वेक्षणात शहरी खर्चापैकी सुमारे चाळीस टक्के खाण्यापिण्यावर जातात. माझ्या फुटबॉल खात्यात मिसळ आणि रात्रीचे खाणे मिळून ११,४६० रुपये, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक. छंद कोणताही असो, मध्यमवर्गीय माणूस त्याच्या निमित्ताने आधी खातो.

घड्याळाची किंमत

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते : कोणत्याही वस्तूची पूर्ण किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे अधिक तिच्यासाठी लागणारा वेळ. न्हाव्याकडे केस कापायला शंभर रुपये लागतात, पण रांगेत गेलेला तासही किमतीतच धरायला हवा. फुटबॉलच्या प्रेक्षकाला हा सिद्धान्त जितका लागू पडतो तितका क्वचितच कुणाला पडत असेल.

इंग्लंडमधली शनिवारी दुपारी तीनची लढत नाशिकमध्ये थंडीत रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला दिसते, कारण तिकडची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढेमागे होतात. यात एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये शनिवारच्या या वेळेतले सामने दूरचित्रवाणीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावे, लहान क्लबांचा गल्ला बुडू नये, म्हणून ही जुनी बंदी आहे. म्हणजे मँचेस्टरच्या माणसाला घरबसल्या जो सामना थेट पाहता येत नाही, तो मला इंदिरानगरात भाकरी खाता खाता दिसतो. त्या बंदीमागचा विचार मला तेव्हा जुनाट वाटला होता. वही भरत गेली तसा तो पटू लागला.

युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने मात्र आपल्याकडे हिवाळ्यात रात्री दीड वाजता सुरू होतात, उन्हाळ्यात साडेबाराला. दीडचा सामना संपतो साडेतीनला. अतिरिक्त वेळ आणि पेनल्टी झाल्या तर दूधवाल्याची वेळ होते. ३१ मे २०२५ च्या अंतिम सामन्यात पॅरिसच्या संघाने इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडला. मध्यंतरालाच निकाल कळला होता, तरी मी उठलो नाही.

दहा महिन्यांत मी ७४ सामने पूर्ण पाहिले. त्यातले १९ मध्यरात्रीनंतरचे. दोन तासांच्या हिशेबाने १४८ तास, म्हणजे रोजचा जवळपास अर्धा तास. केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये भारतीय माणूस दिवसातला ९.९ टक्के वेळ संस्कृती, करमणूक, प्रसारमाध्यमे आणि खेळ यांवर घालवत होता. २०२४ मध्ये तो ११ टक्के झाला, म्हणजे रोजचे अडीच तासांहून थोडे जास्त. त्या मानाने माझा अर्धा तास फार नाही. पण सरासरी हे सांगत नाही की तो अर्धा तास कुणाच्या झोपेतून काढला. १९ रात्रींपायी मी ऑफिसात दोनदा अर्धी रजा टाकली. आणि ज्या सकाळी मी उठलो नाही त्या सकाळी मुलीचा डबा आणि तिला बसथांब्यापर्यंत सोडणे पत्नीकडे गेले. ही नोंद मी केली नव्हती; वही वाचून तिने पेन्सिलीने समासात केली. “हे कुठल्या रकान्यात?” बेकर यांच्या पूर्ण किमतीतही एक जागा कोरी राहते : वेळ माझा मोजला, पण दुसऱ्याचा गेलेला कोण मोजणार?

पडदा आणि जर्सी

मी अर्जेंटिनाचा झालो तो जून १९८६ मध्ये, दहाव्या वर्षी. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनने दाखवला. तिकडे दुपारचे बारा म्हणजे इकडे रात्रीचे साडेअकरा. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसून मी मॅराडोनाचे इंग्लंडविरुद्धचे ते दोन्ही गोल पाहिले : एक हाताने, एक अर्धे मैदान कापून. खर्च शून्य. शेजारच्या काकूंनी दिलेला चिवडाही त्यांचाच.

आज तोच खेळ तुकड्यातुकड्यांनी विकला जातो. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक वेगवेगळ्या कंपन्या घेतात, त्यामुळे इंग्लंडची लीग एका ॲपवर, युरोपची स्पर्धा दुसऱ्यावर, स्पेनची तिसऱ्यावर. २०२२ चा विश्वचषक मोबाइलवर फुकट दाखवला गेला तो अपवाद. फुकटची सवय लावणे हाही धंद्याचा भाग असतो. मी तिसऱ्या ॲपची वर्गणी भरली नाही. स्पॅनिश लीग सोडणे हा या वर्षातला माझा एकमेव जाणीवपूर्वक घेतलेला आर्थिक निर्णय. बाकी सगळे आपोआप कापले जात होते.

जर्सीचे गणित वेगळे आहे. प्रेक्षकांनी खेळाडूंसारखी जर्सी विकत घेऊन घालायची, ही रीत इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकापासून रुळू लागली; त्याआधी चाहत्याची ओळख गळ्यातल्या मफलरीवर भागत असे. आपल्याकडे ही बाजारपेठ थेट तीन मजल्यांची होऊन आली. वर कंपनीची अस्सल जर्सी, मधे ‘थाई क्वालिटी’, खाली ‘फर्स्ट कॉपी’. अस्सलच्या किमतीत फर्स्ट कॉपीच्या पाचसहा येतात. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या आवडत्या क्लबची अस्सल जर्सी घेतली, ३,६५० रुपये. माझ्यासाठी अर्जेंटिनाची फर्स्ट कॉपी, ७०० रुपये. तिसऱ्या धुण्यात पाठीवरचा दहा आकडा सोलून निघाला आणि आता मी नुसत्या शून्याची जर्सी घालून खेळतो.

अस्सल घेणारा श्रीमंत आणि नक्कल घेणारा गरीब, असे मात्र सरळ नाही. आमच्या टर्फवर स्वतःच्या गाडीतून येणारे फर्स्ट कॉपी घालतात आणि पहिल्या पगाराची मुले अस्सल. वयाच्या विशीत जर्सी म्हणजे आपण कोण याची घोषणा असते. पन्नाशीच्या दारात ती घाम टिपायचे कापड होते.

टर्फ, मग मिसळ

नाशिक क्रिकेटचे गाव. रणजीचे सामने अनंत कान्हेरे मैदानावर होतात, ज्याला आम्ही अजून गोल्फ क्लबच म्हणतो. माझ्या लहानपणी फुटबॉल दिसायचा तो देवळाली कॅम्पच्या बाजूला आणि मिशनच्या शाळांत. गावात मोकळी जागा असली की तिथे स्टंप ठोकलेले असायचे. गेल्या काही वर्षांत गंगापूररोड, पाथर्डी फाटा, कॉलेजरोडच्या आतल्या गल्ल्या इथे मोकळ्या प्लॉटांवर हिरवी कृत्रिम गवताची आणि जाळीची टर्फ उभी राहिली. जागेचा मालक बांधकामाची वाट पाहतो तोवर टर्फ भाडे देते.

आमच्या टर्फचा दर तासाला बाराशे. दहाजण असलो की डोई एकशेवीस. नऊच आले की दहाव्याच्या नावाने शिव्या. खेळ सकाळी सहाला, कारण संध्याकाळचे तास बॉक्स क्रिकेटवाले महिनामहिना आधी धरून ठेवतात आणि दरही जास्त असतो. फुटबॉलला उरते ती पहाट.

सातला खेळ संपतो आणि दहाजण मिसळीला जातात. रविवारी सकाळी मिसळ न खाता घरी परतणे हे नाशिकमध्ये संशयास्पद वर्तन आहे. तिथे तासभर बसून आदल्या रात्रीच्या सामन्याचा पंचनामा होतो. नंतर घरच्यांना चुचकारायला दोन पार्सले. वहीत पाहिले तर टर्फला ३,७२० आणि मिसळीला ८,०६०. पहिल्यांदा मी ओशाळलो, मग विचार केला. दहाजणांतले तिघे वर्षभर खेळलेच नाहीत; एकाचा गुडघा, एकाचा रक्तदाब, एकाचे लग्न. पण मिसळीला तिघेही येत होते. आम्ही फुटबॉलच्या नावाने एक कट्टा विकत घेत होतो आणि त्याची किंमत वाजवी होती. या खात्यातला हा एकच खर्च मला कमी करायचा नाही.

रेल्वेचे वेळापत्रक आणि नेमारचा गुडघा

मैदानावर जाऊन सामना पाहायचा तर नाशिककराला मुंबई गाठावी लागते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून मुंबई सिटी हा आमचा जवळचा मोठा संघ. २०२०-२१ आणि २०२३-२४ असे दोनदा त्याने अजिंक्यपद मिळवले. सामने बहुधा संध्याकाळी साडेसातला. आमची पंचवटी एक्स्प्रेस मुंबईहून सव्वासहाच्या सुमाराला सुटते. ती गाडी कचेरीतल्या माणसासाठी आहे, प्रेक्षकासाठी नाही. म्हणून एका सामन्याला मुक्काम किंवा रात्रीची टॅक्सी आलीच. या वर्षी मुलीला घेऊन अंधेरीला गेलो. ६,७०० रुपयांत तिकिटांचे आठशेच; बाकीचे कसारा घाट ओलांडण्याचे.

याहून महाग धडा त्याआधी मिळाला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटवारीत मुंबई सिटी आणि सौदीचा अल हिलाल एकत्र आले. अल हिलालने नुकताच नेमारला घेतला होता. नेमार नेरूळला खेळणार! मी तिकीट काढले. १७ ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. ६ नोव्हेंबर २०२३ ला, सोमवारी, मी डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसलो होतो आणि नेमार नव्हता. मुंबई २-० अशी हरली. परतताना माझ्या लक्षात आले की मी नव्वद मिनिटे कुणाची तरी अनुपस्थितीच पाहत होतो; मुंबईच्या बचावफळीने पहिला तासभर काय झुंज दिली हे मला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. तिकीट सामन्याचे नव्हते, नावाचे होते.

दोन वर्गण्या

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड ज्युलियानोटी यांनी २००२ मध्ये फुटबॉलच्या प्रेक्षकांचे चार प्रकार सांगितले : समर्थक, अनुयायी, चाहता आणि भटक्या. समर्थकाचे नाते गावाशी, मैदानाशी, पिढ्यांशी असते. संघ बदलणे त्याला घर बदलण्यासारखे. अनुयायी संघाची खबर ठेवतो, पण जरा अंतरावरून. चाहत्याचे प्रेमही उत्कट असते, पण ते वस्तूंतून व्यक्त होते : जर्सी, वर्गणी, तारांकित नावे. भटक्या तर वाहिनी बदलावी तसा संघ बदलतो.

समर्थक पाहायचा तर महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथल्या संघांची नावे ऐकली की पुरे : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल दत्तक घेतला आणि पेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर आणली. मी एकदा तो सामना पाहिला आहे. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला विचारले, “कुठल्या पेठेचं?” नाशिकचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. त्या गर्दीतल्या माणसालाही फुटबॉल फुकट नाही. तो तिकीट काढतो, तालमीला वर्गणी देतो, विजयी मिरवणुकीच्या गुलालालाही हातभार लावतो. पण तो पैसा पेठेत फिरतो आणि कधीकधी खेळाडू होऊन बाहेर पडतो. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

मीही वर्गणी देतो, शब्द तोच. पण तिसरा रकाना पाहा. ३३,५४० रुपयांपैकी नाशिकच्या फुटबॉलपर्यंत पोहोचले ते शिबिराचे अडीच हजार, शंभरातले साडेसात. बाकी पैसा प्रक्षेपण कंपन्यांकडे, कापडवाल्यांकडे, टॅक्सीकडे आणि मिसळीच्या तर्रीत गेला. जुलै २०२५ मध्ये, आयोजक कंपनी आणि अखिल भारतीय महासंघ यांच्यातला करार संपत आल्याने इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित झाला. मी हळहळलो, आणि त्याच रात्री परदेशी संघाचा सरावसामना पाहत बसलो. ज्या देशाची लीग थांबली त्या देशातल्या फुटबॉलवेड्याच्या दिनक्रमात काहीही बदलले नाही. माझ्या प्रेमाचा आणि इथल्या खेळाचा संबंध किती उरला आहे, हे त्या रात्री कळायला हवे होते.

दहा रुपये

कळले ते ऑगस्टमध्ये. मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेचा मुलींचा संघ सुब्रतो चषकाच्या जिल्हास्तरीय फेरीत होता. १९६० पासून चालत आलेली ही शालेय स्पर्धा जिल्ह्यापासून सुरू होते आणि दिल्लीला संपते. सामना कामाच्या दिवशी सकाळी अकराला. मी जाणार नव्हतो. ती म्हणाली, “बाबा, तू रात्री दीडला उठतोस. हा तर अकराचा आहे.”

मैदानावर चिखल होता. प्रेक्षक तीसेक, त्यात निम्मे पुढच्या सामन्याचे खेळाडू. दोन्ही संघांकडे राखीव मुली दोन-दोन. पंचांनी शिट्टी वाजवली आणि मला पहिल्यांदा जाणवले की या आवाजाला मागे समालोचक नसतो, पुन्हा दाखवणे नसते. डोळे मिटले तर गोल गेला. आमच्या गोलरक्षक मुलीने डावीकडे झेप घेऊन एक चेंडू असा काढला की मी ओरडून उभा राहिलो. तिचे नाव मला माहीत नव्हते. इंग्लंडमधल्या माझ्या आवडत्या संघाच्या राखीव गोलरक्षकाचे नाव, वय आणि करार मला पाठ होता, आणि तीन वर्षे माझ्या मुलीबरोबर खेळणाऱ्या मुलीचे नाव मी शेजारच्या पालकांना विचारून घेतले.

त्या १-० अशा हरल्या. मी टपरीवर चहा घेतला, दहा रुपये. संध्याकाळी वहीत नोंद केली.

येत्या पाडव्याला वही पुढे चालू ठेवणार आहे. छंद सोडणार नाही; मध्यरात्रीचे सामने निवडून पाहीन, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा मी करीन असे ठरले आहे. दुसऱ्या ॲपचीही वर्गणी यंदा बंद. मिसळ आहे तशीच राहील. पत्नीने नव्या वर्षासाठी चौथा रकाना आखून दिला आहे : ‘गावातले सामने’. त्यात रुपये फार पडणार नाहीत हे तिलाही माहीत आहे. पहिल्या ओळीत त्या गोलरक्षक मुलीचे नाव आणि पुढच्या शालेय स्पर्धेची तारीख लिहायची, असे मुलीने बजावले आहे.